ट्रॅपलाईनीतली शार्लटकाकू

दोह्यात फरचे कोट विकायचे म्हणजे काय असतं ते आधी नीट डोळ्यांसमोर आणा. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर हाताची भाकरी होईल, आणि आत मॉलमध्ये, काचेच्या मागे, गळ्यापासून घोट्यापर्यंत केसाळ कोट घातलेला पुतळा. त्याच्या शेजारी टाय लावून श्याम वाघचौरे, मूळ गाव नाशिक. दोघंही बारा महिने उभेच, फक्त पुतळ्याला बोलावं लागत नाही एवढंच त्याचं नशीब चांगलं.

आणि कोण घेतं असले कोट असं वाटत असेल तर घेतात हो, भरपूर घेतात! डिसेंबरात लंडन, जानेवारीत स्वित्झर्लंड, तिथे काय गोणपाट गुंडाळून फिरणार? मग परत आले की उन्हाळ्यात कोट खराब होऊ नये म्हणून तो दुकानातच आणून ठेवायचा, त्यासाठी मागे एक स्पेशल थंडगार खोली. म्हणजे मेलेल्या जनावराच्या कातड्याला दिवसरात्र गारवा, आणि अल नस्रमधल्या श्यामच्या फ्लॅटचा एसी मात्र दमेकऱ्यासारखा खोकत बसलेला. सरोज, म्हणजे श्यामची बायको, दर मे महिन्यात म्हणायची, "अहो, मलाच ठेवा ना त्या खोलीत. गळ्यात टॅग अडकवा आणि ऑक्टोबरात घेऊन या."

तर श्यामचं खरं काम कोट विकणं नव्हतंच. खरं काम गोष्ट सांगणं. प्रत्येक कोटाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड लटकलेलं असायचं, त्यावर सोनेरी इंग्रजीत लिहिलेलं, की हा कोट दूर उत्तरेच्या बर्फाळ जंगलातल्या एका कुटुंबाच्या ट्रॅपलाईनमधून आला आहे, पिढ्यानपिढ्या हे कुटुंब सापळे लावून जगतं वगैरे वगैरे. बास, एवढंच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकानं विचारलं, ट्रॅपलाईन म्हणजे काय? श्यामनं एक सेकंदसुद्धा विचार केला नाही. कारण लाईन म्हणजे काय हे श्यामला सांगायची गरजच नव्हती! जन्म पोलीस लाईनीतला. वडील कॉन्स्टेबल. पोलिसांची ती पोलीस लाईन, रेल्वेवाल्यांची ती रेल्वे लाईन, मग सापळेवाल्यांची ती ट्रॅपलाईन. किती सोप्पं! एका रांगेत क्वार्टर, समोर सामायिक ओटा, टोकाला एक नळ, आणि नळावर सकाळी महायुद्ध.

आणि मग सुटलाच तो. जंगलात बर्फ पडतोय, रांगेत लाकडाची क्वार्टरं, बाप्ये पहाटे सापळे बघायला बाहेर पडलेत, बायका ओट्यावर बसून कातडी ताणून वाळवतायत, पोरं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबलत पळतायत. एखाद्याच्या सापळ्यात मोठं जनावर सापडलं की सगळी लाईन गोळा. एखाद्याला काहीच नाही सापडलं तर शेजारणीनं न सांगता कालवण पाठवायचं. सगळं खरं होतं, फक्त बर्फ सोडून. आणि सापळे सोडून. आणि देश सोडून.

त्या लाईनीत होती शार्लटकाकू. खऱ्या लाईनीत ती चारुलताकाकू, हवालदारांची बायको. बाकी सगळ्या शांता, लीला, कमळ आणि ही एकटीच चारुलता, त्याचा तिला कोण तोरा! रोज संध्याकाळी वाटी घेऊन साखर मागायला यायची. वाटी शिगोशीग भरून न्यायची आणि परत करताना कशी काय कोण जाणे, वाटी तीच पण साखर तळाला. श्यामची आई म्हणायची, "चारुबाईंच्या वाटीला उतार आहे." पण श्यामला गोवर झाला तेव्हा आईची ड्यूटी हॉस्पिटलात आजीपाशी होती, आणि त्याच्या उशाशी ती वाटीवालीच बसून होती, तेही आठवडाभर. तर चारुलताची झाली शार्लट, बाकी साखर, वाटी, तोरा, सगळं तसंच.

गिऱ्हाइकं फिदा! त्यातही हिबा मॅडम. मूळच्या अल रुवैसच्या, देशाच्या उत्तर टोकाला समुद्राकाठच्या. आजोबा तारेचे सापळे समुद्रात सोडून मासे धरायचे, घरं एकमेकांना चिकटलेली. आता दोह्यात एवढा मोठा बंगला की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन करावा लागतो, आणि फोन उचलायलाही कुणी नाही, पोरं सगळी परदेशात. त्या दर सीझनला यायच्या, कोट अंगावर चढवायच्या, आरशात बघायच्यासुद्धा नाहीत, आणि आपल्या आखाती हिंदीत विचारायच्या, "श्याम, शार्लट कैसा है?"

"ठीक है मॅडम. घुटना दुखता है थोडा."

"साखर मांगता अभी भी?"

"वो तो मरते दम तक मांगेगी मॅडम."

मॅडम खदाखदा हसायच्या आणि कोट घ्यायच्या. एकदा तर त्यांनी शार्लटसाठी खजुराचा मोठा डबा दिला. आता बोला! श्यामनं काय करावं? फेकावा? स्वतः खावा? पण श्याम तसला नाही. सुट्टीत नाशिकला गेला तेव्हा डबा घेऊन थेट चारुलताकाकूंकडे. "काकू, माझ्या एका कस्टमर मॅडमनी पाठवलेत." काकूंनी कोण मॅडम, का पाठवले, काही विचारलं नाही. फुकटच्या वस्तूची चौकशी करणाऱ्यांपैकी त्या नव्हेतच.

असं सगळं छान चाललं होतं. म्हणजे कुणाचं वाईट होत होतं का? सांगा ना! पण छान चाललेलं जियादला बघवत नाही. जियाद म्हणजे मॅनेजर, लेबनॉनचा, दाढी रोज सकाळी पट्टी लावून कापल्यासारखी. त्यानं नोव्हेंबरात सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "यल्ला, गुड न्यूज! असली ट्रॅपर आ रही है. लोरेन. उसका फॅमिली का ट्रॅपलाईन. कस्टमर को लाईव्ह बताएगी, हम व्हिडिओ बनाएगा, फिर स्क्रीन लगाएगा. स्क्रीन स्टोरी बोलेगा. ऑल डे."

श्याम म्हणाला, "सर, और मैं?"

जियादनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आखातात मॅनेजरनं खांद्यावर हात ठेवला की समजून जायचं. "हबीबी, स्टोरी स्क्रीन बोलेगा तो तुम क्या बोलेगा? फंक्शन के बाद देखते हैं. इन्शाल्ला."

घ्या! 'इन्शाल्ला' हा शब्द देवाचं नाव घेऊन म्हणतात म्हणून वाईट बोलत नाही, पण मॅनेजरच्या तोंडून आला की बॅगा काढायच्या. आणि बॅगा एकट्या श्यामच्या असत्या तर गोष्ट वेगळी. नोकरी गेली की त्याचा व्हिसा गेला, त्याचा गेला की सरोजचा आणि नुपूरचा गेला. आणि नुपूर बारावीला! मार्चमध्ये बोर्ड! नोव्हेंबरात शाळेतून काढून कुठे नेणार पोरीला, कोण घेणार तिला? श्यामच्या वडिलांना रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायला लागलं होतं तेव्हा श्यामची दहावी चालू होती, सगळा अभ्यास मामाच्या गॅलरीत पोत्यांवर बसून केलेला. निकाल काय लागला ते विचारू नका, फरच्या दुकानात उभाय ना तो, त्यावरून समजा.

फंक्शनच्या आदल्या दुपारी घरी जेवताना तो नुपूरला म्हणाला, "तुझ्या शाळेत सांग, बाबांच्या दुकानात ट्रॅपलाईनीतली खरी बाई येणारे. तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांचं विचारणार आहे मी."

नुपूरनं मोबाईलवर काहीतरी टाईप केलं, आणि तिचा घास तसाच हातात राहिला. "बाबा. ट्रॅपलाईन इज नॉट अ कॉलनी."

"म्हणजे?"

"इट्स अ रूट. जंगलातला. माईल्स अँड माईल्स. एकच फॅमिली असते, बाबा. देअर आर नो नेबर्स."

"नळ?"

"बाबा!"

श्यामच्या ताटातलं वरण गार झालं. सरोज म्हणाली, "एवढी वर्षं झाली, त्या कार्डावरचा एक शब्द बघावासा नाही वाटला? वीज बिल मात्र तीन-तीनदा बघता!"

"अगं लाईन म्हणजे लाईनच असणार ना!"

"हो, आणि क्लोदलाईन म्हणजे धोब्यांची वस्ती."

नुपूर हसली, मग बापाचं तोंड बघून थांबली. तिलाही माहीत होतं ना काय पणाला लागलंय ते. म्हणाली, "हिबा आंटी उद्या विचारणार. शी विल आस्क अबाउट शार्लट. जस्ट किल शार्लट, बाबा. सांग, वारली."

आता बघा हं, हा सल्ला अगदी उत्तम. काकू मेली की प्रश्न संपला, कुणी काही विचारणार नाही, लोरेन आपलं खरं काय ते सांगेल, श्यामचं खोटं काकूबरोबर पुरलं जाईल. श्यामनं तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्च्या मांडल्या, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले, पांढऱ्या पडद्यावर खोटा बर्फ पडायला लागला. हिबा मॅडम आल्या. श्यामनं चेहरा पाडला. अगदी आवाजसुद्धा जड केला, "मॅडम, शार्लट..."

"हां हां, शार्लट!" मॅडमनी त्याच्या हातात एक पिशवी कोंबली. "ये उसका घुटना के वास्ते. तेल है, बहोत अच्छा. मेरा उम्मी लगाता था."

आईचं तेल! आईचं तेल हातात घेऊन कसं मारायचं काकूला, तुम्हीच सांगा. श्याम म्हणाला, "शुक्रन, मॅडम." गेली संधी. आणि वर मॅडम काय म्हणतात, "लेकिन तुम क्यों ले जाएगा? वो औरत आ रहा है ना, उसी लाईन का. मैं उसको देगा." पिशवी परत हातातून गेली. श्यामला वाटलं मागच्या थंड खोलीत जाऊन कोटांमध्ये लटकावं.

लोरेन आली. श्याम बिचारा फरमध्ये गुंडाळलेल्या कुणा महाराणीची वाट बघत होता, आणि आली साठीच्या पुढची, खेळाचे बूट घातलेली, पांढऱ्या वेणीची बाई. तिला उकडत होतं. जियादनं तिच्या अंगावर कोट घालायचा प्रयत्न केला, तिनं नको म्हणून सांगितलं, आणि माईक हातात घेऊन इंग्रजीत साधंसुधं सांगायला लागली. की आमची ट्रॅपलाईन माझ्या आजोबांची, मग वडिलांची, आता माझी. हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीनं निघायचं, दर ठरावीक अंतरावर सापळ्याची पेटी लावलेली, मागच्या फेरीपासून काय सापडलं ते बघत जायचं. वाटेत लाकडाच्या झोपड्या आहेत, तिथे मुक्काम. वडील चुलीशेजारच्या टेबलावर कातडी सोलायचे, आई ती फळीवर ताणायची, आम्हा पोरांचं काम एकच, की झोप आली तरी चुलीतलं लाकूड विझू द्यायचं नाही. खाणं मात्र जे सापळ्यात सापडलं त्यातलंच, काही वाया नाही घालवायचं. एका वर्षी काहीच सापडलं नाही. आता माझी मुलं खाणीत ट्रक चालवतात, आणि मी गेले की ती वाट झाडांची.

इतकं खरं होतं ते सगळं, आणि इतकी शांतपणे सांगत होती, की तिथल्या बायकांनी मोबाईल काढले. एकीनं विचारलं, हे धुतलेलं असतं ना? दुसरीनं विचारलं, पांढऱ्यात मिळेल का? लोरेननं मान हलवली, पुढे सांगायला लागली. श्याम मात्र पुतळ्याशेजारी उभा राहून पहिल्यांदाच ऐकत होता. म्हणजे एवढी वर्षं तो ज्यांच्याबद्दल तोंड भरून बोलला, त्यांच्याबद्दल त्याला काहीएक ठाऊक नव्हतं. त्याला त्या चुलीपाशी जागणाऱ्या पोरीचं वाईट वाटलं, आणि मग स्वतःचं जास्त वाटलं.

तेवढ्यात हिबा मॅडम उठल्या. सगळ्यांसमोर चालत गेल्या आणि तेलाची बाटली लोरेनच्या हातात ठेवली. "फॉर शार्लट," म्हणाल्या. "हर नी."

लोरेननं बाटली बघितली, मॅडमकडे बघितलं. "कोण शार्लट?"

"युअर नेबर! साखरवाली!"

"माझ्या जवळात जवळचा शेजारी," लोरेन सावकाश म्हणाली, "अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. आणि त्याचं नाव शार्लट नाही. त्याला दाढी आहे."

एकही माणूस हसला नाही. मॅडमचा चेहरा हळूहळू उतरला आणि त्या वळल्या, थेट श्यामकडे. जियादची पट्टीदार दाढीसुद्धा लाल दिसायला लागली होती.

"श्याम," मॅडम म्हणाल्या, "शार्लट मर गया?"

बघा! आयती संधी होती हो! 'हो' म्हणायचं, बास, एक शब्द! नुपूरची बारावी, सरोजचं घर, सगळं त्या एका 'हो'वर. आणि हा शहाणा काय म्हणतो,

"नहीं मॅडम. जिंदा है. नाशिक में है."

मग सगळं बाहेर आलं, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, मध्येच मराठीत. पोलीस लाईन, नळ, वाटी, चारुलताची शार्लट. खजूर कुठे गेले तेसुद्धा. जियाद मध्ये दोनदा "खलास, श्याम, खलास!" म्हणाला, पण श्यामचा आता नळ फुटला होता.

मॅडम म्हणाल्या, "फोन लगाओ."

"अभी?"

"अभी!"

फरच्या दुकानात, खोट्या बर्फासमोर, श्यामनं नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. आधी पडद्यावर नुसतं छत आणि पंखा दिसला. मग एक कान. मग काकू. "कोण? श्याम? अरे मागे हे केसाळ काय उभंय?"

"काकू, कोट आहे. ह्या मॅडमना तुमच्याशी बोलायचंय. हिंदीत बोला."

"खजूरवाल्या का?" काकूंनी पदर नीट केला, आवाजातला तोरा जागेवर आणला. "हां बाई, नमस्ते! खजूर अच्छा था. लेकिन बिया बहुत था. अगली बार बिया निकालके भेजो."

हिबा मॅडम बघतच राहिल्या. "शार्लट?"

"चारुलता!" काकू खेकसल्या.

"साखर मांगता अभी भी?"

"किससे मांगू बाई? लाईन तो कब का पाडा. अब बेटे का फ्लॅट में, चौथा माला. सबका दरवाजा बंद. बेल बजाया तो अंदर से पूछता है, कुरिअर क्या?"

अल रुवैसची एकमेकांना चिकटलेली घरं आणि दोह्यातला तो बंगला, दोन्ही बहुतेक मॅडमच्या डोळ्यांपुढे आलं असणार. मग लोरेनच्या हातातली बाटली घेऊन ती फोनसमोर धरून म्हणाल्या, "ये तेल भेजेगा मैं. घुटना को लगाना. रोज."

"भेजो भेजो," काकू म्हणाल्या. "और वो बिया..."

लोरेन इतका वेळ श्यामच्या शेजारी उभी होती. तिनं विचारलं काय चाललंय, श्यामनं सांगितलं. ती म्हणाली, आमच्या वाटेवरच्या झोपडीतून निघताना पुढच्यासाठी फोडलेली लाकडं आणि काडेपेटी ठेवून निघायचं असतं. वादळात कोण अडकेल सांगता येत नाही. कधी कधी वर्षभर शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही, पण लाकडं दिसतात, त्यावरून समजतं की तो आहे अजून.

"आणि लाकडं कमी ठेवतो का कुणी?" श्यामनं विचारलं. "म्हणजे वाटीला उतार?"

लोरेन पहिल्यांदा हसली. "दाढीवाला. नेहमी."

तर फंक्शन संपलं. त्या दिवशी एकही कोट गेला नाही, हिबा मॅडमनीसुद्धा घेतला नाही, त्या काकूंचा नंबर घेऊन गेल्या. जियादनं श्यामला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा श्यामनं मनातल्या मनात नाशिकच्या कुठल्या शाळेत ओळख निघेल त्याची उजळणी सुरू केली होती. हिशोबानं त्याला हाकलायलाच पाहिजे होतं. पण जियाद माणूस धंद्याचा. व्हिडिओ त्यानं लावला, चांगला आठवडाभर चालवला. लोरेन बिचारी खरं खरं सांगायची, आणि गिऱ्हाईक पडद्यापुढून सरळ परफ्यूमच्या दुकानात. आणि आठवडाभरात ज्या ज्या ओळखीच्या बायका आल्या त्या सगळ्यांनी एकच विचारलं, ती नाशिकवाली कशी आहे? हिबा मॅडमनी अख्ख्या गोतावळ्याला सांगून टाकलं होतं ना!

शेवटी जियादनं स्क्रीनचा आवाज बंद केला. म्हणाला, "पिक्चर लोरेन का, बोलेगा तुम. लेकिन ट्रू बोलेगा. नो नेबर इन जंगल."

"और काकू?"

"काकू अलग से. नाशिक बोल के." मग दाढीवरून हात फिरवत, "मार्च तक. फिर देखेंगे. इन्शाल्ला."

हे झालं असं. म्हणजे खरं दाखवायला स्क्रीन, आणि विकायला काकू. श्याम घरी आला, बूट काढले नाहीत तोच म्हणाला, "मार्चपर्यंत मिळालं."

नुपूरनं पुस्तकातून डोकं काढलं, "बोर्ड्स आर ओव्हर बाय एंड ऑफ मार्च," म्हणाली, आणि डोकं परत आत घातलं. पण पान उलटायला तिला फार वेळ लागला.

सरोजनं चहा ठेवला. पाठ वळवूनच म्हणाली, "म्हणजे आपल्या तिघांचा व्हिसा त्या बाईच्या जिवावर. लावा फोन. म्हणावं, मार्चपर्यंत तब्येतीला जपा."

आणि श्यामनं खरंच लावला! आधी छत, मग पंखा, मग कान.

"काकू, बऱ्या आहात ना? तेल लावता ना रोज?"

"मला काय धाड भरलीय? आणि तुझ्या मॅडमला सांग, रोज फोन करते ते ठीक आहे, पण ऐन सिरियलच्या टायमाला नको. हो, आणि श्याम, ते बिनबियांचे खजूर अजून आले नाहीत हं."